अंदाजपत्रकात माती लिहा

प्रति,
गावोगावचे सरपंच, ग्रामपंचायत सदस्य आणि अंगणवाडीच्या कामांची अंदाजपत्रकं तयार करणारे शाखा अभियंता यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी एकतीस वर्षं अंगणवाडीच्या कामात काढली. आधी सेविका, नंतर मुख्यसेविका. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. हे पत्र आधी आयुक्तांना लिहायला घेतलं होतं. दोन पानं झाल्यावर लक्षात आलं, की पत्ता चुकतोय. अंगणवाडीत काय शिकवायचं ते वर ठरतं, पण तीन-चार वर्षांच्या पोराच्या पायाखाली काय असेल ते तुमच्या टेबलावर ठरतं. त्या कागदाचं नाव बहुतेक वेळा ‘अंगणवाडी परिसर सुशोभीकरण’ असतं.

सुशोभीकरणात काय काय येतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. जमीन सपाट करायची, मुरूम टाकून दाबायचा, वर कच, त्यावर साठ मिलिमीटरचे लाल-पिवळे ब्लॉक. गेटला कमान. भिंतीवर फुलपाखरू, आंबा, मोर. झाडं, गवत, चिखल, मातीचा उंचवटा असं जे काही आधी असेल ते ‘साफसफाई’ या एका ओळीत जातं.

आधी माझा गुन्हा सांगते. अशाच एका कामाचा ताबा घेतल्याच्या कागदावर मी सही केली आहे. उद्घाटनाचा फोटो निघाला त्यात मीही आहे, नवी साडी नेसून, फीत धरलेल्या बाईंच्या शेजारी. तेव्हा मला खरंच बरं वाटलं होतं. पावसाळ्यात दारात चिखल व्हायचा, रजिस्टरं भरताना पाय भरलेले असायचे. आता आपली अंगणवाडीसुद्धा इंग्रजी शाळेसारखी दिसेल, असं वाटलं.

काही वर्षांनी एका मार्चमध्ये तिथे भेटीला गेले. अकरा-साडेअकराची वेळ, खिचडीआधी हात धुवायला पोरं बाहेर सोडलेली. चपला बहुतेकांच्या आत. एक चार वर्षांची मुलगी नळाकडे धावत निघाली आणि अर्ध्या वाटेत थबकली. आधी एका पायावर उभी राहिली, मग दुसऱ्या. मग तिने पाठीवरचं दप्तर काढलं, ब्लॉकवर टाकलं आणि त्यावर उभी राहिली. रडली नाही. नळ तिथून आठ-दहा पावलांवर. ती तशीच बेट झाल्यासारखी उभी, मदतनीस येऊन उचलून नेईपर्यंत. मी खाली वाकून हात टेकवला आणि लगेच काढून घेतला.

तिथे आधी चिंच होती. ब्लॉक बसवले तेव्हा ठेवली होती, पण दोन पावसाळ्यांत मुळ्यांनी ब्लॉक उचलले, म्हणून तोडली. म्हणजे ब्लॉक वाचवायला झाड पाडलं.

त्या चिंचेखाली मी जे पाहिलंय ते थोडं सविस्तर सांगते, कारण ‘बाहेर पोरं नुसती हुंदडतात’ असं मला तुमच्यातल्याच एकाने ऐकवलं होतं. जुलैचे दिवस. सर येऊन गेलेली, पत्र्यावरून पागोळ्या गळत होत्या. त्या पाण्याला चार-पाच पोरींनी काठीने चर काढून दिला होता. एकीला ते पाणी झाडाच्या बुंध्यापाशी न्यायचं होतं. पण बुंधा उंचावर, पाणी तिथवर चढेना. तिने मगाने वरून जोरात पाणी ओतून पाहिलं. पाणी थोडं चढलं आणि मागे आलं. पुन्हा ओतलं, आणखी जोरात. पुन्हा मागे. मग ती उकिडवी बसली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. आणि मग चराच्या तोंडाशी चिखल थापायला लागली. दोघी तिला माती आणून देत होत्या, एक ओरडत होती, “फुटंल, दगूड लाव!” सुरुवात उंच केल्यावर पाणी गेलं बुंध्याकडे. या सगळ्याला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात कुणी कुणाला मारलं नाही, कुणी मदतनिशीकडे तक्रार घेऊन गेलं नाही.

आत भिंतीवर तक्ता होता, ‘उंच – सखल’. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नदी. माझ्या तपासणीच्या कागदावर ‘उंच-सखल संकल्पना घेतली का’ असा रकाना होता. तक्ता लावलेला होता म्हणून मी त्यात बरोबरची खूण केली. बाहेर काय चाललंय ते लिहायला रकाना नव्हता.

मातीत खेळत शिकणं हे परदेशातून आलेलं खूळ आहे, असं कुणी म्हणेल म्हणून सांगते. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालमंदिरात काम करून आलेल्या. माँटेसरीची लाकडी साधनं त्यांना पाठ होती. १९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आताच्या पालघरमध्ये, बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ त्यांना तिथेच मिळाल्या. शहरातली महागडी साधनं इथे चालायची नाहीत हे दोघींनी ओळखलं. शिंपले, गोटे, बिया, पानं, काड्या हेच साहित्य झालं. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बाया उठून वस्तीत गेल्या आणि घरांच्या अंगणातच वर्ग भरवायला लागल्या. अंगणवाडी ती ही. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली पोरं गुरांमागे रानात जायची, शाळेत कोण येणार? म्हणून कुरणशाळा निघाली. गुरं जिथे चरतील तिथे शाळा. सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तिने नाव घेतलं अंगणवाडीच. आज आपल्या राज्यात लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. त्यातल्या किती जणींना अंगण आहे, हे एकदा बीटवर, म्हणजे एका मुख्यसेविकेकडच्या सगळ्या अंगणवाड्यांवर, फिरून मोजा. मी माझ्या बीटवर मोजलं होतं आणि आकडा पाहून वही मिटली होती.

परदेशात हेच उलट्या बाजूने घडलं. डेन्मार्कमध्ये १९५०च्या सुमारास एला फ्लाटाऊ नावाची बाई आपली आणि शेजारपाजारची पोरं घेऊन रोज रानात जायला लागली. जर्मनीत १९९३ साली फ्लेन्सबुर्गच्या रानातल्या बालवाडीला सरकारने मान्यता आणि पैसा दिला आणि आता तशा बालवाड्या तिथे दीड हजारांच्या वर आहेत. बर्फ पडत असतानाही पोरं बाहेर. आडोशाला एक लाकडी गाडी, बास. आपण त्यांची नक्कल करावी असं मी म्हणत नाही. त्यांचं ऊन वेगळं, आपलं वेगळं, आणि बिबट्याच्या पट्ट्यातल्या गावांना मी रानात वर्ग भरवा असं सांगणारही नाही. पण त्यांनी जे मोजून पाहिलंय ते तुमच्या कामाचं आहे.

फिनलंडमधला एक अभ्यास २०२० साली छापून आला. तिथल्या शहरी पाळणाघरांची अंगणं आपल्यासारखीच, फक्त ब्लॉकऐवजी खडी. त्यातल्या काही अंगणांत रानातल्या जमिनीचा वरचा थर आणून अंथरला, मातीसकट, झुडपांसकट. तीन ते पाच वर्षांची पोरं त्यात रोज खेळली, माती कालवली, रोपं लावली. अठ्ठावीस दिवसांनी तपासलं, तर त्यांच्या कातडीवरच्या उपकारक जिवाणूंचे प्रकार वाढलेले होते आणि रोगप्रतिकारशक्ती ताळ्यावर असल्याच्या खुणा रक्तात वाढल्या होत्या. खडीवर खेळणाऱ्यांत तसं झालं नाही. सगळी मिळून ७५ मुलं, म्हणजे फार मोठा अभ्यास नव्हे, हेही सांगते. पण त्यांना काय करावं लागलं बघा. रानातली जमीन ट्रकने आणून खडीवर टाकावी लागली. आपण आहे ती माती पैसे देऊन झाकतो.

दुसरं डोळ्यांचं. चीनमध्ये ग्वांगझोऊला बारा शाळांतल्या पहिलीच्या मुलांवर तीन वर्षं प्रयोग झाला. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर. शिवाय सुट्टीच्या दिवशी पोरांना बाहेर न्या, असं आईवडिलांनाही सांगितलं होतं. तीन वर्षांत नेहमीच्या शाळांमधल्या ३९.५ टक्के मुलांना लांबचं दिसायचं कमी झालं, जादा तासवाल्या शाळांमध्ये ३०.४ टक्के. चष्म्याचं कारण सगळे मोबाइल सांगतात, आणि तो आहेच. पण वाढत्या डोळ्याला दिवसाचा उजेड लागतो, झाडाखालच्या सावलीतलाही चालतो. खोलीतली ट्यूबलाइट त्याच्या जवळपासही जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगून ठेवलंय, की तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसात किमान १८० मिनिटं हालचाल केली पाहिजे, त्यातली ६० मिनिटं दम लागेल अशी. सहाशे चौरस फुटांच्या इमारतीत स्वयंपाकघर, कोठी, तांदळाच्या गोण्या आणि वजनकाटा वगळून उरलेल्या जागेत तीस पोरांनी दम लागेपर्यंत धावायचं कुठे?

आता माझं स्वतःचं निरीक्षण, त्याला अभ्यासाचा आधार मागू नका. बाहेर खेळून आलेली पोरं ताट चाटून पुसून खातात. आत बसून गाणी म्हटलेल्या पोरांची खिचडी ताटात उरते. सॅम-मॅमच्या, म्हणजे कुपोषित पोरांच्या, याद्यांपायी आपण जिवाचं रान करतो, पाककृती बदलतो, आयांना समजावतो. पोराला भूक कशी लागेल, हा प्रश्न मात्र कुठल्याच बैठकीत मी ऐकला नाही. आणि पाटीवर ‘अ’ गिरवायला मनगटात बळ लागतं. ते चिखल मळून, फांदीला लोंबकळून, बादली उचलून येतं. ज्या पोराच्या बोटांत ते आलेलं नाही त्याच्याकडून पेन्सिल धरवून घेणं म्हणजे लंगड्या बैलाला पराणी टोचण्यातला प्रकार.

तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. त्यातल्या काही अगदी खऱ्या आहेत.

साप-विंचू. तीस वर्षांत मी अंगणवाडीच्या आवारात पाच वेळा साप पाहिला. तीनदा तो ठेकेदाराने काम संपल्यावर तसाच सोडलेल्या विटांच्या ढिगात होता. मोकळ्या, झाडून घेतलेल्या मातीत साप मुक्काम करत नाही. त्याला ढिगारा लागतो, लाकूडफाटा लागतो, कोठीतले उंदीर लागतात. तेव्हा उरलेलं सामान उचलल्याशिवाय शेवटचं बिल काढू नका, एवढं केलं तरी पुष्कळ.

जंत. मातीतून जंत होतात हे खरंच आहे, पण ते शौचाने बिघडलेल्या मातीतून. आवाराला कुंपण नसेल आणि रात्री मागच्या बाजूला कुणी बसत असेल, तर ब्लॉक घालूनही उपयोग नाही. कुंपण, चालू स्थितीतला संडास, पायात चप्पल, कापलेली नखं, नळाशी साबण आणि वर्षातून दोनदा जंताची गोळी. यातलं निम्मं आम्ही करतोच. उरलेलं निम्मं तुमच्याकडे आहे.

झाडांबद्दल मी कुणाहीपेक्षा जास्त घाबरट आहे. कुंपणाला चंद्रज्योत लावायची पद्धत आहे. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून लावतात. तिच्या बिया पोरांना शेंगदाण्यासारख्या लागतात, आणि मग दहा-पंधरा पोरं उलट्या-जुलाबाने दवाखान्यात. दर पावसाळ्यानंतर कुठल्या ना कुठल्या गावची अशी बातमी येतेच. गुंजेचा वेल, धोत्रा, कण्हेर, एरंड हेही आवारात नकोत. एवढं टाळलं की मग चिंच, जांभूळ, करंज, कडुनिंब, भोकर, शेवगा, काहीही लावा. नर्सरीवाला दिसायला छान म्हणून शोभेची झुडपं देतो. ती नको म्हणा. पोरांना फळ, शेंग, बी, चीक, मुंगळे, सगळं देणारं झाड हवं.

पालक म्हणतात, कपडे मळतात, आणि समोरच्या इंग्रजी नर्सरीत बघा कसं टायबिय घालून बसवतात. त्यांच्याशी मी वर्षानुवर्षं भांडले आहे, हरलेही आहे. एका सेविकेने मात्र यावर नामी तोड काढली होती. जुन्या साड्यांची तीस झबली शिवून घेतली आणि खुंट्यांवर टांगली. बाहेर जाताना घालायची, आत येताना काढायची. तक्रारी थांबल्या. हा काही धोरणात्मक उपाय नव्हे, पण चालला.

आणि सेविकांचा भार. एक सेविका, एक मदतनीस, गर्भवती-स्तनदांच्या याद्या, घरभेटी, पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर फोटो, त्यात रेंज नाही. ती पोरांना बाहेर सोडून फोनवर वाकलेली असेल, तर मी तिला दोष देणार नाही. म्हणूनच आवार असं बांधा की आत बसूनही सगळं दिसेल. खिडकी पोरांच्या उंचीची, कोपऱ्याआड जागा नको, विहीर किंवा रस्ता जवळ असेल तर फाटकाला वरची कडी.

एका शाखा अभियंत्याशी या विषयावर माझं एकदा बोलणं झालं होतं. भला माणूस. तो म्हणाला, “ताई, ब्लॉक एमबीत, मोजमापाच्या वहीत, चौरस मीटरने चढतात. तुमची माती कशी चढवू? पुढच्या पावसात वाहून गेली, तर ऑडिटवाला विचारणार, काम कुठंय?” मी तेव्हा निरुत्तर झाले होते. आता उत्तर देते, उशिरा का होईना.

जे मोजता येतं त्यात मुलांच्या उपयोगाचं घाला. इमारतीला पुढून आठ फूट रुंदीची पडवी द्या, पत्र्याची चालेल. चार महिने पावसात आणि मार्चपासून उन्हात तीच पोरांचं अंगण असते. ती चौरस मीटरने चढते. मांडवाचे खांब नगाने चढतात. त्यावर दोडका, घेवडा, दुधी चढवायला परसबाग आहेच, सेविका आनंदाने करतील. कुंपण धावत्या मीटरने चढतं. मातीच्या जागेला चारी बाजूंनी नऊ इंची कडा बांधा, म्हणजे माती वाहून जाणार नाही आणि ऑडिटला कडा दाखवता येईल. आत काळी माती टाका, त्याला भराव म्हणा, फक्त त्यावर रोलर फिरवू नका. एका कोपऱ्यात तीन फूट उंचीचा उंचवटा राहू द्या, चढायला आणि घसरायला. वाळूचा चौकोन केलात तर रात्री झाकायला जाळी, नाहीतर मांजरी त्याचा संडास करतात. पाण्याचं टाकं जमिनीत बांधू नका. नळ, बादली आणि चार मग पुरतात. ब्लॉक हवेच असतील, तर फाटकापासून दारापर्यंतच्या वाटेवर आणि नळापाशी घाला. तिथे ते शोभतातही आणि उपयोगीही आहेत. रोपं सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतून येतील. उरलं काय, तर ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के हिस्सा महिला-बालकल्याणावर खर्चायचा असतोच. त्यातून दरवर्षी शिलाई मशीनच का?

एक मात्र हात जोडून सांगते. आवारात आधीपासून झाड असेल तर नकाशा झाडाभोवती वळवा. रोप लावून चिंच व्हायला लागतो तेवढा वेळ आज अंगणवाडीत असलेल्या एकाही पोराकडे नाही.

आमच्या गावची गोष्ट सांगून थांबते. गेल्या १ मेच्या ग्रामसभेत मी उठून बोलले. अर्धी सभा हसली. निवृत्तीनंतर बाईंना माती आठवली, असं कुणीतरी मागून म्हणालं. सरपंचताईंना मात्र दप्तरावर उभ्या राहिलेल्या मुलीची गोष्ट लागली असावी, कारण ती मुलगी त्यांच्या भावकीतली निघाली. जूनच्या पहिल्या आठवड्यात भिंतीकडेचे दहा बाय बारा फुटांतले ब्लॉक उचलले. फोडले नाहीत, हापशाभोवती लावले, तिथे बायांचे पाय घसरायचे. खालचा मुरूम टिकावाने खणताना दोन गडी घामेघूम झाले. त्यात एका शेतकऱ्याने दोन ट्रॉली माती टाकली, पैसे घेतले नाहीत. मुळापाशी ब्लॉकखाली दबलेला चिंचेचा खोडवा होता, तो तसाच ठेवला.

आठ-दहा दिवसांनी पाऊस झाला आणि मी बघायला गेले. पोरं त्या चौकोनात दाटीवाटीने बसली होती, सगळं लाल-पिवळं आवार रिकामं सोडून. बऱ्याच जणांच्या हातात चमचे होते, स्वयंपाकघरातून पळवलेले. खोडव्याला बाजूने बोटभर तांबूस फुटवा आला होता आणि त्याच्याभोवती कुणीतरी खडे रचून कुंपण केलं होतं. मदतनीस म्हणाली, “बाई, त्याला हात लावू देत नाहीत मला बी.”

येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत उरलेल्या आवाराचा विषय आहे. तुमच्या गावीही त्या दिवशी सभा असेल. विषयपत्रिका निघायच्या आधी एकदा, अनवाणी, दुपारी बारा वाजता, आपल्या अंगणवाडीच्या दारापासून नळापर्यंत चालून या.

आपली,
एक निवृत्त मुख्यसेविका